हरवलेले ३८४ केबी

चवथीच्या साफसफाईत फोंड्याच्या घरी माळ्यावरून जुना ३८६ संगणक खाली उतरवला. एके काळी त्यावर लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं जुळायची. पावसाळ्याची ओल खाऊनही तो चालू झाला आणि पडद्यावर दोन आकडे आले: बेस मेमरी ६४० केबी, एक्स्टेंडेड ३०७२. भाच्याने लगेच बेरीज केली. "मामा, ३७१२च होतात. चार एमबी म्हणजे ४०९६ ना? बाकीचे ३८४ गेले कुठे?"

ते १९८१ सालीच गेले. पण गोष्ट त्याच्याही आधीची. इंटेलने १९७८ मध्ये आणलेल्या ८०८६ प्रोसेसरची रजिस्टरं, म्हणजे आकडे धरून ठेवायचे आतले कप्पे, १६ बिटांची. एकाने मेमरीतल्या ६५,५३६ जागांचेच पत्ते सांगता येणार. पत्त्याच्या तारा मात्र २०, म्हणजे १ एमबी. म्हणून पत्ता दोन तुकड्यांत द्यायचा: सेगमेंटला १६ने गुणायचं आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. आमच्याकडे वाडा सांगून 'देवळापासून पाचवं घर' म्हणतात, तसंच. वाड्यांच्या हद्दी मात्र एकमेकांत घुसलेल्या. सेगमेंट १०००, ऑफसेट २० घ्या किंवा १००१ आणि ४ घ्या, दोन्ही वाटा १६,०२०लाच पोचतात. कोणी कुणाच्या घरात शिरावं यावर पहारा नाही. हाच रिअल मोड, जरी हे नाव नंतर पडलं. आयबीएमने पीसीत या १ एमबीतले वरचे ३८४ केबी पडदा, कार्डं आणि बायॉससाठी (मशीन सुरू करणारा, चिपमध्येच असलेला प्रोग्राम) राखले. प्रोग्रामांना उरले ६४०.

पहारा आला तो १९८२च्या २८६मध्ये. २४ तारा, १६ एमबी, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मेमरीला हात लावू न देणारा प्रोटेक्टेड मोड. कल्पना चोख होती, पण दार एकाच बाजूने उघडणारं. आत गेलेला प्रोसेसर रीसेट केल्याशिवाय बाहेर येत नसे, आणि डॉस (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीम) व बायॉस तर बाहेरच, रिअल मोडमध्ये बसलेले. १९८४च्या आयबीएमच्या एटी मशीनमध्ये यावर निघालेला तोडगा मला अजून हसवतो. बॅटरीवर चालणाऱ्या सीमॉस मेमरीत एक खूण लिहून ठेवायची, मग कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला सांगून प्रोसेसर रीसेट करून घ्यायचा. जागा होताच बायॉस ती खूण बघतो आणि मेमरी न मोजता प्रोग्रामला होता तिथे आणून सोडतो. शेजारच्या खोलीत जायला दर वेळी बेशुद्ध पडायचं!

त्याच चिपकडे आणखी एक काम आलं. ८०८६वर १ एमबीच्या पलीकडचा पत्ता फिरून शून्यावर यायचा आणि काही प्रोग्राम त्यावर विसंबून होते. २८६वर तो खरंच पुढे जाऊ लागला, म्हणून एकविसावी तार अडवणारं फाटक बसवलं: ए-२०. ते उघडलं की रिअल मोडलाही ६५,५२० बाइट जादा मिळतात. १९९१च्या डॉस ५ने स्वतःचा बराचसा पसारा तिथे हलवला.

१९८५च्या ३८६ने येण्याजाण्याचं दार नीट केलं, पत्ते ३२ बिटांचे केले आणि मेमरीची ४ केबींची पानं पाडली. हवं ते पान हव्या त्या पत्त्यावर दाखवता येऊ लागलं. शिवाय व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये डॉसला आपण जुन्याच घरात आहोत असं वाटे. खरा ताबा वर बसून त्याला चालवणाऱ्या प्रोग्रामकडे.

भाच्याला मी कॉन्फिग फाइल उघडून दाखवली. हायमेम आणि ईएमएम३८६ हे मेमरी सांभाळणारे दोन प्रोग्राम, आणि खाली 'डॉस=हाय,यूएमबी'. त्या ३८४मधल्या रिकाम्या फटींत (याच यूएमबी) एक्स्टेंडेड मेमरीची पानं आणून बसवली होती, आणि त्यांतल्या एकीत माऊसचा ड्रायव्हर होता.