तिरक्या उजेडातला पुरावा

पलंगाखालची फरशी दोन-चार दिवस झाडली नसेल, तर आज रात्री तिथे चप्पल एकदा नीट टेकवून उचला. खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च वरून मारा. फरशी दिसेल, चकाकी दिसेल, बाकी काही नाही. आता टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. चपलेच्या तळाची नक्षी, टाचेकडची झीज, मधे रुतलेल्या खड्याची खूण, सगळं एकदम उठून दिसेल. फरशी तीच, धूळ तीच, टॉर्चही तोच. बदलला तो फक्त उजेडाचा कोन.

गुन्ह्याच्या जागेचे फोटो काढणाऱ्याचं निम्मं कौशल्य या कोनात आहे. भरपूर उजेड पाडला की सगळं दिसतं, असा आपला समज असतो. पण कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून आदळतो, सगळ्या बारीक सावल्या पुसून टाकतो आणि त्यांच्याबरोबर पुरावाही पुसला जातो. डोळ्यांदेखत असलेला ठसा फोटोत येतच नाही.

यामागचं कारण साधं आहे. गुळगुळीत फरशी आरशासारखी वागते. आडवा आलेला उजेड ती तशीच पुढे फेकते, त्यामुळे वर धरलेल्या कॅमेऱ्याला फरशी काळी दिसते. धुळीचे कण मात्र उजेड चारी दिशांना उधळतात, म्हणून ते चमकतात. जिथली धूळ चपलेला चिकटून गेली, तिथे नक्षीची काळी रेघ उरते. चिखलातल्या ठशात काम करते ती सावली. 1 मिलिमीटर उंचीच्या कडेवर 45 अंशांतून उजेड टाकला तर सावली 1 मिलिमीटरच पडते. उजेड 10 अंशांवर आणला की तीच सावली साडेपाच मिलिमीटरच्या पुढे जाते. झिजलेले शिलालेख वाचणारे लोक दगडाच्या बाजूने टॉर्च धरतात तो याचसाठी. दुपारच्या उन्हात सपाट वाटणाऱ्या दगडावर मग अक्षरं उमटू लागतात.

ओल्या मातीत बुटाचा ठसा सापडला की त्याच्याभोवती काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, ठशाच्या बरोबर वर, भिंग सरळ खाली. कॅमेरा जरा कलला तरी ठशाचं माप चुकतं आणि मग तो संशयिताच्या बुटाशी ताडून पाहता येत नाही. शेजारी काटकोनी मोजपट्टी ठेवतात, आणि तीही ठशाच्या तळाइतकी खाली, कारण वरच्या पातळीवरची पट्टी कॅमेऱ्याला जवळ पडते आणि माप फसवं येतं. दिवस असेल तर एक जण छत्री किंवा काळं कापड धरून ऊन अडवतो. मग फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून, लांब वायरीवर किंवा रिमोटवर, एका बाजूने मारला जातो. ठसा खोल असेल तर फार आडवा उजेड चालत नाही, कारण सगळा खड्डाच सावलीने भरून जातो. तिथे कोन 30 ते 45 अंशांपर्यंत वर घ्यावा लागतो.

इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो. नीट दिसावं म्हणून तो फ्लॅश ठशाच्या अगदी जवळ आणतो. पण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, हा निसर्गाचा नियम आहे. बुटाचा ठसा साधारण 30 सेंटिमीटर लांब. फ्लॅश टाचेपासून 30 सेंटिमीटरवर धरला तर बोटांकडे टाचेच्या एक चतुर्थांशच उजेड पोहोचतो. टाच पांढरीफटक पडते आणि बोटं अंधारात जातात. तोच फ्लॅश दीड मीटर मागे नेला की दोन टोकांतला फरक दीडपटीहून कमी होतो. चार पावलं मागे सरकणं एवढाच हा उपाय आहे.

एकाच बाजूचा फोटोही पुरत नाही. उजेडाच्या दिशेला समांतर असलेल्या रेघांची सावली पडत नाही, म्हणून फ्लॅश चारी बाजूंनी फिरवून वेगवेगळे फोटो घेतात. शिवाय उजेड वरूनच येतो असं आपला मेंदू धरून चालतो. खालून उजेड आलेला फोटो पाहताना खड्डा उंचवट्यासारखा भासतो. म्हणून प्रत्येक फोटोसाठी उजेड कोणत्या बाजूने होता, याची नोंद ठेवली जाते. ठसा प्लास्टरने उचलताना मूळ खूण मोडते, म्हणून हे सगळं त्याआधीच उरकावं लागतं.

काच, स्टील, पॉलिश केलेलं लाकूड यांच्यावर समोरून फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमका तिथला बोटाचा ठसा गायब होतो. तिथे फ्लॅश बाजूने तिरका मारतात, नाहीतर छतावर किंवा भिंतीवर मारून मऊ उजेड घेतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही सोय नव्हती. 1887 साली जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश-पावडर निघाली. लखकन उजेड पडायचा आणि खोली पांढऱ्या धुराने भरायची. त्याच काळात पॅरिस पोलिसांतल्या आल्फोन्स बर्तियोंने उंच तिवईवर कॅमेरा चढवून घटनास्थळाचे वरून, मोजमापासह फोटो काढण्याची पद्धत रुळवली. आजचा ट्रायपॉड त्याच वाटेवरचा आहे.

रात्रीचं मोकळं शेत किंवा महामार्गावरचा अपघात असेल तर एका फ्लॅशचा उजेड पुरत नाही. मग कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करून शटर उघडंच ठेवतात. एक जण फ्लॅश घेऊन अंधारात फिरतो आणि ठरलेल्या जागांवरून एकेकदा फ्लॅश मारतो. मधल्या वेळात दुसरा भिंगासमोर काळा पुठ्ठा धरतो. शेवटी एकाच फोटोत अख्खी जागा उजळलेली मिळते. फिरणाऱ्याने स्वतःवर उजेड पडू द्यायचा नाही आणि फ्लॅश व कॅमेरा यांच्या मधेही यायचं नाही, नाहीतर त्याचीच काळी आकृती पुराव्यात उमटते.

काही पुरावे मात्र साध्या उजेडात दिसतच नाहीत. पुसून टाकलेल्या रक्तावर ल्युमिनॉल नावाचं रसायन फवारलं की हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे ते निळसर चमकतं. ही चमक फार मंद आणि थोडाच वेळ टिकणारी, म्हणून खोली काळोखी करून शटर कित्येक सेकंद उघडं ठेवतात. पण नुसत्या काळोखातला निळा डाग कोर्टात काय सांगणार? तो स्वयंपाकघरात होता की न्हाणीघरात? म्हणून त्याच फोटोत छतावर मारलेला एक अगदी क्षीण फ्लॅश मिसळतात. त्याने खोलीची आकृती दिसते आणि चमकही बुडत नाही. ब्लीचनेही ल्युमिनॉल चमकतं, त्यामुळे ती चमक म्हणजे रक्तच, असं केवळ फोटोवरून म्हणता येत नाही. रक्त 415 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, म्हणून त्या प्रकाशात पुसट डागही गडद दिसतो. काळ्या कपड्यावरचे डाग इन्फ्रारेड फोटोत पुष्कळदा उघडे पडतात, कारण कपड्याचा रंग तिथे फिका होतो आणि रक्त गडदच राहतं.

हे आज सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्यात, झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगितलं आहे, आणि त्यासाठी मोबाइलला पसंती दिली आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं, अशीही तरतूद आहे. म्हणजे पंचनाम्याच्या जागी सर्वांत आधी उघडणारा कॅमेरा बऱ्याचदा एखाद्या हवालदाराच्या खिशातला असणार. मोबाइलचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो, आणि ठशासाठी तीच सर्वांत वाईट जागा. शिवाय हल्लीचे फोन अंधारातले फोटो आपणहून उजळतात. कोपऱ्यात धूळ दबलेली असते, तिची सावली फोन भरून टाकतो.

तिथे दोन फोन असले तरी बरंच साधतं. एका फोनचा फ्लॅश बंद करून तो कशावर तरी टेकवून स्थिर ठेवायचा, ठशाच्या बरोबर वर. दुसरा शिपाई पाच फुटांवर उकिडवा बसेल आणि टॉर्च जमिनीसरसा धरेल. एक फोटो झाला की तो उठून ठशाच्या दुसऱ्या बाजूला जाईल आणि पुन्हा तसाच खाली बसेल.