मोजपट्टी बदलली की नकाशा बदलतो : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या फाटाफुटीची पार्श्वभूमी

४ ऑगस्ट २०२३ या एका शुक्रवारी पाच विद्यापीठांनी पॅक-१२ ही कॉन्फरन्स सोडत असल्याचं जाहीर केलं. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेली. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. १९१५ पासूनचा वारसा सांगणारी पश्चिम किनाऱ्यावरची ही संघटना त्या दिवसअखेर चार सदस्यांवर आली; तिघांनी आधीच निघायचं ठरवलं होतं. यांपैकी कुणी नुकताच सामना हरलेलं नव्हतं. हंगाम सुरूच व्हायचा होता.

गेली चाळीस वर्षं अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये जी पळापळ चालू आहे, तिचा मैदानावरच्या हारजितीशी संबंध थोडाच. खरा संबंध आहे तो दोन प्रश्नांशी : प्रक्षेपणाचे हक्क कोण विकतं, आणि त्यांची किंमत कशावरून ठरते. किंमत ठरवायची ही मोजपट्टी १९८४ पासून तीनदा बदलली, आणि दर वेळी नकाशा नव्याने आखला गेला.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या, हक्क एकत्र विकणाऱ्या आणि पैसे आपापसांत वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचा गट. आयपीएलचे हक्क एकटी बीसीसीआय विकते आणि संघाला नाराज होऊन दुसऱ्या मंडळाकडे जाता येत नाही. इथे मंडळंच अनेक आहेत, आणि जाता येतं. सगळी गंमत आणि सगळे कोर्टकज्जे या एका फरकातून निघतात.

पूर्वी असं नव्हतं. १९५२ पासून १९८४ पर्यंत टीव्हीची सगळी सूत्रं एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या हातात होती. सामना घरबसल्या दिसला तर तिकीट कोण काढणार, ही भीती. म्हणून आठवड्याला मोजकेच सामने दाखवायचे, आणि कोणते दाखवायचे तेही ठरलेलं. १९८२ ते १९८५ साठीच्या शेवटच्या योजनेत एबीसी आणि सीबीएस या वाहिन्यांनी चार वर्षांसाठी प्रत्येकी १३ कोटी १७ लाख ५० हजार डॉलर देण्याचं कबूल केलं होतं. अट अशी, की कोणताही संघ दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येणार नाही आणि त्यातही देशभर दिसेल तो जास्तीत जास्त चारदा. शिवाय प्रत्येक वाहिनीने दोन वर्षांत किमान ८२ वेगवेगळ्या विद्यापीठांना दाखवायचंच.

मोबदलाही सामना किती मोठा यावर नव्हता. १९८१ मध्ये ओक्लाहोमा आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) या देशातल्या पहिल्या पाचांतल्या दोन संघांचा सामना दोनशेवर टीव्ही केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच दिवशी सिटाडेल आणि ॲपलाचियन स्टेट यांचा सामना चार केंद्रांवर दिसला. चारही संघांना रक्कम सारखीच मिळाली. हे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदलेलं आहे, आणि ओक्लाहोमा कोर्टात का गेलं हे त्यावरून पुरेसं कळतं.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या वतीने चाललेल्या त्या दाव्याचा निकाल २७ जून १९८४ रोजी ७ विरुद्ध २ असा लागला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं, की एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. विरोधात मत नोंदवणाऱ्यांत बायरन व्हाइट होते. कोलोरॅडोकडून कॉलेज फुटबॉल आणि पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळलेले ते एकमेव न्यायमूर्ती. बाजार मोकळा सोडला तर कॉलेजच्या खेळाचं काय होईल याची त्यांना चिंता होती. ती अगदीच अनाठायी होती असं आज म्हणवत नाही.

निकालानंतर लगेच कुणी श्रीमंत झालं नाही, उलट भाव पडले. बंधन उठल्याबरोबर सगळेच सामने विकायला निघाले आणि एका सामन्याची किंमत घसरली. बहुतेक मोठी विद्यापीठं कॉलेज फुटबॉल असोसिएशन नावाच्या गटातून एकत्र हक्क विकत होती. बिग टेन आणि पॅक-१० (पुढची पॅक-१२) बाहेर होत्या. १९९० मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने एनबीसी वाहिनीशी आपल्या घरच्या सामन्यांचा पाच वर्षांचा, ३ कोटी ८० लाख डॉलरचा स्वतंत्र करार केला आणि या गटाचा पाया ढासळला. १९९६ पासून एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) सीबीएसकडे गेल्यावर तो गट उरला नाही. आता विक्रेता होती कॉन्फरन्स, आणि तिच्या मालाची किंमत ठरत होती ती किती राज्यांत, किती मोठ्या शहरांत तिचे संघ आहेत यावर. ही पहिली बदललेली मोजपट्टी.

तिचा अर्थ सर्वांत आधी ओळखला एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी. नियमावलीत एक दुर्लक्षित कलम होतं : बारा सदस्य असतील आणि त्यांचे दोन विभाग पाडले असतील, तर हंगामाच्या शेवटी विजेतेपदाचा एक जादा सामना खेळता येईल. ते मुळात खालच्या श्रेणीतल्या, पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉन्फरन्ससाठी केलेलं. क्रेमर यांनी अर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन बारा पूर्ण केले. ५ डिसेंबर १९९२ रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला पहिला विजेतेपद सामना झाला, अलाबामाने फ्लोरिडाला २८-२१ असं हरवलं. विकायला एक नवा सामना मिळाला, तोही डिसेंबरमधला. पुढची वीस वर्षं ‘बारा’ हाच सगळ्यांचा आकडा राहिला.

अर्कान्सा गेल्यावर १९१४ ची साउथवेस्ट कॉन्फरन्स फक्त टेक्सासमधल्या आठ विद्यापीठांची उरली. एका राज्याची बाजारपेठ आठ जणांत वाटलेली. शिवाय खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल एसएमयूचा (डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा) फुटबॉल १९८७ मध्ये बंद करण्यात आला होता. १९९४ मध्ये बिग एट या शेजारच्या कॉन्फरन्सने टेक्सासमधल्या चौघांना उचललं : टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर. शेवटच्या दोघांसाठी राज्याच्या राजकारण्यांनी जोर लावला होता. लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक हे टेक्सास टेक आणि बेलर या दोन्हींचे माजी विद्यार्थी. एसएमयू, टीसीयू, राइस आणि ह्यूस्टन मागे राहिली. १९९६ मध्ये बिग १२ उभी राहिली, साउथवेस्ट संपली. एसएमयूला मोठ्या घरात परत यायला २०२४ उजाडलं. त्या प्रवेशाची किंमत पुढे येईलच.

दुसरी मोजपट्टी आली ३० ऑगस्ट २००७ रोजी, बिग टेन नेटवर्क सुरू झालं तेव्हा. आयुक्त जिम डेलनी यांनी फॉक्सला भागीदार घेऊन कॉन्फरन्सची स्वतःची वाहिनी काढली. दोनच दिवसांनी या वाहिनीवर मिशिगन घरच्या मैदानावर ३४-३२ अशी हरली, आणि हरवलं ते त्याच ॲपलाचियन स्टेटने. गंमत अशी, की कॉमकास्ट या केबल कंपनीचे ग्राहक तो सामना पाहू शकले नाहीत, कारण दराची घासाघीस संपलेली नव्हती; ती मिटली २००८ मध्ये.

घासाघीस का, हे समजलं की पुढची सात वर्षं समजतात. वाहिनी केबलच्या मूळ संचात असेल तर प्रत्येक घराच्या बिलातून तिला महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, मग त्या घरात कुणी फुटबॉल बघो न बघो. बिग टेनची विद्यापीठं ज्या राज्यांत आहेत तिथे हा दर साधारण एक डॉलर, बाहेर साधारण दहा सेंट. म्हणजे नव्या राज्यातलं एक विद्यापीठ आत घेतलं, की तिथल्या लाखो घरांचा दर दहापट.

रटगर्सला २०१४ मध्ये बिग टेनमध्ये जागा मिळाली ती या हिशेबाने. मैदानावर रटगर्सची दहशत कधीच नव्हती, पण न्यू जर्सी म्हणजे न्यूयॉर्कच्या केबल बाजाराचा दरवाजा. त्याच वेळी घेतलेलं मेरिलंड म्हणजे वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर. त्याआधी २०११-१२ मध्ये नेब्रास्का बिग टेनमध्ये, कोलोरॅडो आणि युटा पॅक-१२ मध्ये, टेक्सास ए अँड एम आणि मिझुरी एसईसीत गेली होती. टेक्सासने मात्र ईएसपीएन या क्रीडावाहिनीकडून वीस वर्षांसाठी ३० कोटी डॉलर घेऊन फक्त स्वतःची वाहिनी काढली, आणि शेजाऱ्यांची मनं आणखी दुखावली.

कॉन्फरन्स सोडायची तर काय पडतं, याचे नियमही याच काळात घट्ट झाले. पूर्वी दंड भरून, पूर्वसूचना देऊन निघता येई. मेरिलंड निघालं तेव्हा त्याच्या जुन्या कॉन्फरन्सने, एसीसीने (ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स), ५ कोटी २० लाख डॉलर मागितले. कोर्टात भांडून २०१४ मध्ये ३ कोटी १४ लाखांवर तडजोड झाली. दंड म्हणजे घासाघीस करता येणारी रक्कम, हे वाद चालू असतानाच एसीसीला कळलं आणि २०१३ मध्ये सदस्यांकडून ‘ग्रँट ऑफ राइट्स’ लिहून घेतलं गेलं. यात विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क करार संपेपर्यंत कॉन्फरन्सच्या नावावर करतं. विद्यापीठ गेलं तरी हक्क मागेच राहतात. नव्या कॉन्फरन्सला विकायला काही मिळत नाही, म्हणून तीही बोलावत नाही. एसीसीने २०१६ मध्ये आपल्या वाहिनीच्या बदल्यात ही मुदत २०३६ पर्यंत वाढवली. तेव्हा हा भक्कम किल्ला वाटला. पाच-सहा वर्षांत बाहेरचे भाव दुपटीने वाढले आणि आतले सदस्य जुन्याच दरात अडकले.

तिसरी मोजपट्टी लोकांनी केबल तोडल्यामुळे आली. ईएसपीएनची घरं २०११ च्या सुमारास दहा कोटी होती, २०२३ मध्ये सुमारे सात कोटी. न बघणाऱ्या घराकडून मिळणारा डॉलर आटला. आता खरोखर टीव्हीसमोर बसणारे प्रेक्षक मोजायचे. मग बाजारपेठेपेक्षा नाव महत्त्वाचं ठरलं. सीबीएस एसईसीच्या आठवड्यातल्या सर्वोत्तम सामन्यासाठी वर्षाला साडेपाच कोटी डॉलर देत होती; ईएसपीएनने २०२४ पासून त्याच सामन्यांसाठी वर्षाला सुमारे ३० कोटी मोजले. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीकडे निघाली ती याच पार्श्वभूमीवर. ग्रँट ऑफ राइट्स २०२५ पर्यंत होतं, ती एक वर्ष आधी निघाली आणि दोघांनी मिळून १० कोटी डॉलर भरले.

नवा सदस्य घ्यायचा की नाही, याचं गणित सोपं आहे. समजा, १४ जणांना प्रत्येकी ५ कोटी मिळतात, म्हणजे एकूण ७० कोटी. पंधराव्याने किमान ५ कोटींची नवी भर घातली नाही, तर आधीच्या चौदा जणांचा वाटा कमी होतो. म्हणून करारात एक कलम बघावं : नवा सदस्य आला तर वाहिनी पूर्ण वाटा जादा देणार का? बिग १२ कडे ते होतं, म्हणून तिला प्रत्येकी सुमारे ३ कोटी १७ लाखांच्या दराने नवे सदस्य घेता आले. एसीसीने तर या कलमावर नफा काढला. स्टॅनफर्ड, कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) आणि एसएमयू या नव्या सदस्यांसाठी ईएसपीएनकडून पूर्ण वाटे आले. स्टॅनफर्ड आणि कॅल यांनी सुरुवातीला सुमारे ३० टक्के घेतले, एसएमयूने नऊ वर्षं प्रक्षेपणाचा एक छदामही न घेण्याचं मान्य केलं, आणि उरलेली रक्कम जुन्यांत वाटली गेली. डॅलसच्या धनाढ्य माजी विद्यार्थ्यांच्या भरवशावर ही अट स्वीकारलेली. एसएमयू पहिल्याच हंगामात राष्ट्रीय प्लेऑफमध्ये पोचलं.

पॅक-१२ कुठे चुकली? तिने २०१२ मध्ये वाहिनी काढली ती भागीदाराशिवाय, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक अशा सात पदरांची. डायरेक्टटीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीने ती कधीच घेतली नाही. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी बिग टेनची वाट धरली. २०२४ मध्ये करार आणि ग्रँट ऑफ राइट्स दोन्ही संपत असल्याने त्यांना निघण्याचा दंडही पडला नाही. लॉस एंजेलिस गेलं तरी पॅक-१२ चढ्या भावाची वाट बघत राहिली, आणि मधल्या काळात मागून येणाऱ्या बिग १२ ने ऑक्टोबर २०२२ मध्ये करार उरकून वाहिन्यांचा पैसा उचलला. शेवटी हाती उरला ॲपलचा प्रस्ताव : कमी हमी, आणि पुढचं सगळं किती वर्गणीदार जमतात त्यावर. वर्गणीदार जमवायची जोखीम विद्यापीठांनी घ्यायची, ही अट ओरेगन आणि वॉशिंग्टनला पटली नाही. त्यांनी बिग टेनमधला कमी, पण नक्की वाटा पत्करला.

खर्चाची बाजू मात्र घाईत मोजली गेली. सिएटलहून न्यू जर्सीतल्या रटगर्सपर्यंतचं अंतर जवळजवळ ३,९०० किलोमीटर आहे, आणि फुटबॉल वर्षात एकदा गेला तरी व्हॉलिबॉल आणि सॉकरचे संघही त्याच कॉन्फरन्समध्ये खेळतात. यूसीएलएला तर एकाच राज्य विद्यापीठ व्यवस्थेतल्या कॅलचं नुकसान केल्याबद्दल तीन वर्षं दरसाल १ कोटी डॉलर द्यायला लावलं गेलं.

या सगळ्यातून एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉलचं ‘बाजारमूल्य’ काढण्याची प्रथा पडली. इंडियाना विद्यापीठाच्या कोलंबस शाखेतले प्राध्यापक रायन ब्रूअर हे संघ विकायला काढला तर किती येतील, असा अंदाज कित्येक वर्षं मांडत आले. सीएनबीसीने २०२४ च्या अखेरीस संपूर्ण क्रीडा विभागांची यादी काढली, त्यात ओहायो स्टेट १३२ कोटी डॉलरसह पहिली होती. हे आकडे जपून वाचावेत. ग्राहकच नसलेल्या मालाची ही किंमत आहे. राज्य विद्यापीठाचा संघ कुणी विकत घेऊ शकत नाही. उत्पन्नात देणग्या मोठ्या असतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा चांगल्या जागेचं तिकीट मिळावं म्हणून दिलेल्या. स्टेडियमवरचं कर्ज बऱ्याचदा वेगळ्या पानावर. आणि सर्वांत मोठा घटक, कॉन्फरन्सकडून येणारा वाटा, हा संघाचा नसून शेजाऱ्यांचा असतो. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट पॅक-१२ मध्ये मागे राहिली तेव्हा त्यांचं मैदान, प्रेक्षक, खेळाडू काहीच बदललं नव्हतं. उत्पन्नाचा आधार मात्र गेला.

समान वाटा ही कल्पनाही आता कॉन्फरन्सच्या आत मोडू लागली आहे. एसीसी सोडायला ५७ कोटी २० लाख डॉलर पडतील असा दावा करत फ्लोरिडा स्टेट डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टात गेली, पाठोपाठ क्लेम्सन. मार्च २०२५ मधल्या तडजोडीनुसार प्रक्षेपणाच्या पैशाचा मोठा भाग आता पाच वर्षांच्या सरासरी प्रेक्षकसंख्येवर वाटला जातो, आणि बाहेर पडण्याची रक्कम दरवर्षी उतरत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटींवर येते. खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा २०२५-२६ पासून मिळाली, पहिल्या वर्षी विद्यापीठामागे २ कोटी ५ लाखांपर्यंत, त्यामुळे वाट्यातला प्रत्येक कोटी संघबांधणीत दिसू लागला आहे. बिग टेनचा सध्याचा करार २०२९-३० च्या हंगामाअखेर संपतो, बिग १२ चा त्याच्या पुढच्या वर्षी.