ट्रॅफिकमध्ये कमी पडते ती हवा

मे महिन्यातली संध्याकाळ, अंधेरीजवळ पश्चिम द्रुतगती महामार्ग तुंबलेला. हजार सीसीच्या स्पोर्ट्स बाइकच्या डिस्प्लेवर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा आकडा चढत जातो: ९६, ९९, १०३. शंभरी ओलांडली की बरेच जण घाबरतात, इंजिन बंद करतात आणि दोनशे किलोची गाडी ढकलत कडेला नेतात. पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेपासून पाठ असतं, तेव्हा आतलं कूलंटही उकळायला लागलं असणार, असा सरळ हिशोब केला जातो.

हा हिशोब चुकतो. रेडिएटर म्हणजे कूलंट हवेने गार करणारी जाळी, आणि बहुतेक मोठ्या स्पोर्ट्स बाइकमध्ये तिचा फॅन मुळात १०० ते १०५ अंशांच्या आसपासच सुरू होतो. १०३ ला फॅन घरघरायला लागला, तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे.

मुंबईत हा प्रसंग वारंवार येतो, याला रस्तेही कारणीभूत आहेत. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, पुणे एक्स्प्रेसवे हे सगळे मोकळे रस्ते दुचाकीला बंद. मग ताशी अडीचशेच्या वेगासाठी बनवलेली गाडी कुर्ल्याच्या एलबीएस मार्गावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत राहते.

शंभर अंशांचा नियम उघड्या भांड्याचा आहे, आणि रेडिएटर हा कुकर आहे. त्याच्या झाकणावर बहुधा १.१ असा आकडा असतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा १.१ बारने वाढला की झाकणातली स्प्रिंग दबते आणि जादा कूलंट नळीतून रिझर्व्ह टाकीत जातं. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे उकळतं. निम्मं इथिलीन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) असेल तर १२५ च्याही वर. झाकणात उलट्या दिशेने उघडणारी आणखी एक छोटी झडप असते. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा तिच्यातून टाकीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. घरच्या कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेने निसटते आणि शिट्टी होत नाही, तसंच इथे. झाकणाचं रबर कडक झालं किंवा चिरलं की दाब धरला जात नाही, आणि मग तोच १०३ चा आकडा खरोखरच धोक्याचा ठरतो.

आता उष्णता किती, ते पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. चार सिलिंडरचं मोठं इंजिन नुसतं उभ्या उभ्या तासाला लिटरभर पेट्रोल पितं असं धरू. ३२ मेगाज्यूलला ३६०० सेकंदांनी भागलं की जवळजवळ ९ किलोवॉट येतात. बाथरूममधले दोन-दोन किलोवॉटचे चार गीझर एकदम लावावेत, एवढी ही उष्णता. गाडी पळत असती तर यातला पाव ते तिसरा हिस्सा चाकाकडे गेला असता. उभ्या गाडीत चाकाला काहीच जात नाही. साधारण निम्मी उष्णता सायलेन्सरवाटे जाते, आणि उरलेल्यातले समजा ४ किलोवॉट कूलंट रेडिएटरकडे आणून टाकतं.

खरी गंमत यापुढे आहे. एक किलो हवा एका अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतो. उभ्या गाडीचा फॅन सेकंदाला १०० ग्रॅम हवा ओढतो असं समजा. ४ किलोज्यूल १०० ग्रॅम हवेत गेले, म्हणजे हवा ४० अंशांनी तापली. बाहेर ३३ अंश असतील तर रेडिएटरमागून ७३ अंशांची हवा निघते आणि फेअरिंगच्या (गाडीच्या बाहेरच्या आवरणाच्या) फटींतून थेट गुडघ्यांवर येते. तीच गाडी ताशी ६० ने चालली तर रेडिएटरमधून सेकंदाला अर्ध्या किलोच्या आसपास हवा जाते. उष्णता ५ किलोवॉट झाली तरी हवा तापते फक्त १० अंशांनी. शिवाय वेगामुळे फेअरिंगच्या कडेला दाब कमी होतो आणि ही हवा पायांना न लागता बाहेर खेचली जाते.

म्हणजे जाममध्ये कमी पडते ती हवा. त्यातही, मिळते ती हवा गार नसते. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे कूलंट आणि आत शिरणारी हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. मोकळ्यावर ३३ अंशांची हवा मिळाली आणि कूलंट ९५ ला स्थिरावलं, तर फरक ६२ चा. पुढे बस उभी आहे, खाली डांबर तापलंय, आणि स्वतःच टाकलेली गरम हवा चाकाखालून वळून परत तोंडाशी येतेय, असं झालं की तोंडाशीच ४८ अंश होतात. तेवढीच उष्णता तेवढ्याच हवेने टाकायची तर फरक ६२ चाच लागतो, म्हणून कूलंटला ११० पर्यंत चढावं लागतं. आकडा चढतो म्हणून जास्त उष्णता बाहेर पडते, आणि ती पडते म्हणून आकडा एका जागी थांबतो. चढलेला आकडा हे रेडिएटरने साधलेलं संतुलन आहे. काळजी करायची ती आकडा थांबतच नसेल तेव्हा.

एवढं लक्षात आलं की गॅरेजमधल्या बऱ्याच सल्ल्यांची पारख आपोआप होते. ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा त्यातला सगळ्यात वाईट. थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८० च्या आसपास उघडायला लागतो आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडतो. १०४ ला तो आधीच सताड उघडा आहे, काढून जाममध्ये काहीच मिळत नाही. उलट पहाटे इंजिन लवकर तापत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ‘बाटली ओता, २० अंश उतरतील’ या जाहिरातींचंही तेच. अशी द्रव्यं कूलंट आणि धातू यांच्यातला संपर्क थोडा सुधारतात, हवा वाढवत नाहीत. फार तर दोन-चार अंशांचा फरक. हँडलला लिंबू-मिरची बांधण्यात जाणारा शनिवारचा वेळ फॅनचा फ्यूज बघण्यात घालवावा, हे मी मनापासून सांगतो.

ग्लायकॉलचं एक कोडं अनेकांना पडतं: मुंबईत पाणी गोठत नाही, मग ते कशाला? उष्णता वाहून नेण्यात ते पाण्यापेक्षा कमीच आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची विशिष्ट उष्णता (एक किलो एका अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा) सुमारे ३.४ किलोज्यूल, पाण्याची ४.२. पण ते उत्कलनबिंदू वाढवतं, आणि त्यासोबतची गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियम वाचवतात. नळाचं पाणी ओतलं तर त्यातले क्षार हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) अरुंद वाटांमध्ये खरपुडीसारखे धरतात आणि क्लोराइड धातू खातं. डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार मिश्रणच वापरावं, शक्यतो सिलिकेट नसलेलं, कारण सिलिकेटचे कण वॉटर पंपाचं सील झिजवतात.

कूलंट बदलताना सगळ्यात जास्त चूक होते ती हवा काढण्यात. हेडमध्ये बुडबुडा अडकला आणि सेन्सर त्यात सापडला, तर डिस्प्ले भलताच आकडा दाखवतो आणि हेड मात्र भाजत राहतं. गार इंजिनात हळूहळू भरावं, होज (रबरी नळी) हाताने दाबत राहावं, गाडी डावी-उजवीकडे कलती करावी. मग झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करावं. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेवढं भरून झाकण लावावं. दुसऱ्या दिवशी, गार असतानाच, रिझर्व्ह टाकीची पातळी पुन्हा बघावी.

पावसाळ्यानंतर रेडिएटरच्या पापुद्र्यांत चिखल वाळून बसतो. साध्या पाइपने मागून पुढे धुवावं. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पापुद्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. खाऱ्या हवेने फॅनच्या कनेक्टरला हिरवट थर चढतो. फॅन फिरतो, पण हळू, आणि हे कानाला पटकन कळत नाही.

पायांचं दुखणं वेगळं. बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या गाड्यांत इंजिनजवळ बसवलेला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ३०० अंशांच्या पुढेच नीट काम करतो आणि स्वतःही उष्णता सोडतो. व्ही४ इंजिनात (इंग्रजी V च्या आकारात चार सिलिंडर) मागचे सिलिंडर थेट सीटखाली येतात. डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद ठेवण्याची सोय केली ती याचसाठी. मांडीला टेकणारी ॲल्युमिनियमची फ्रेम हा सर्वांत फसवा भाग. ६० अंशांचा धातू कातडी पाचेक सेकंदांत भाजतो, आणि ५० च्या आसपासचाही काही मिनिटांत. पातळ सिंथेटिक पँटपेक्षा जाड डेनिम किंवा रायडिंग पँट बरी. सायलेन्सरला गुंडाळायची पट्टी पावसाचं पाणी धरून ठेवते आणि आतला पाइप गंजवते. मुंबईत ती टाळावी, सिरॅमिक कोटिंग चालेल.

जाममध्ये करायचं काय? अर्ध्या मिनिटाच्या सिग्नलला इंजिन बंद करू नये. कूलंट फिरवणारा पंप थांबतो, हेडमधली उष्णता जागेवरच्या कूलंटमध्ये शिरते आणि पुन्हा सुरू करताच आकडा पाच-सात अंश वर दिसतो. दोन मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करावं. पुढच्या बसशी अंतर ठेवावं, म्हणजे तिची गरम हवा कमी मिळते. थोडी वाट मोकळी झाली की वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ताशी तीसने जरी गेलं तरी आकडा मिनिटभरात उतरतो. ११५ च्या पुढे चढत राहिला किंवा लाल दिवा लागला, तर बाजूला घेऊन बंद करावं आणि तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये.

आणि झाकणाला हात लावू नये. आत ११५ अंशांचं एक लिटर पाणी आहे असं धरलं, तर दाब सुटताच त्यातल्या सुमारे २८ ग्रॅमची तत्क्षणी वाफ होते. २८ ग्रॅम म्हणजे ४५ लिटरहून जास्त वाफ, आणि ती उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन त्या दोन बोटांच्या तोंडातून बाहेर पडते. अर्धा-पाऊण तास थांबावं, वरचा होज उघड्या हाताने दाबून बघावा. तो मऊ आणि कोमट लागला, की मग जाड फडकं धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावं, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्यावा, आणि नंतरच काढावं.