बांधकामातील दोषप्रतिबंध (ग्रामीण विदर्भ)

बांधकामातली चूक झाकली जाण्यापूर्वी हेरून ती होऊच न देण्याची कार्यपद्धती. तडे बुजवणे, गळक्या स्लॅबला वॉटरप्रूफिंग करणे ही दुरुस्ती. दोषप्रतिबंध त्याच्या आधीचा. शेवटी तपासणी करून दर्जा येत नाही, तो कामाच्या रीतीतच असावा लागतो, हा विचार १९५० पासून अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानी कारखानदारांपुढे मांडला. बांधकामाला तो अधिकच लागू पडतो, कारण काँक्रीट ओतले की आतली सळई कोणालाच दिसत नाही.

अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया या थराखालच्या मुरमापर्यंत नेला नाही, किंवा खोदलेली काळी मातीच पुन्हा जोत्यात भरली, तर दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात.

दुसरी अडचण उन्हाची. पावसाच्या आत स्लॅब उरकायचा म्हणून तो नेमका मे महिन्यात, विहिरी आटलेल्या असताना टाकला जातो. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकानुसार कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस सतत ओले ठेवावे लागते, पीपीसी (राखेसारखे पोझोलाना मिसळलेले) सिमेंट असेल तर १४ दिवसांची शिफारस आहे. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारणे म्हणजे तराई (काँक्रीट ओले ठेवणे) नव्हे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणे आणि कॉलमला ओले गोणपाट गुंडाळणे हाच खरा उपाय आहे. तेवढे पाणी गावात नसेल, तर स्लॅबची तारीखच पुढे ढकलावी.

सर्वांत घातक चूक छज्ज्यात होते. त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते. काँक्रीट टाकताना मजुरांच्या पायांखाली ती खाली दबली, तर सेंट्रिंग (काँक्रीटखालचा साचा आणि टेकू) काढताच छज्जा कोसळू शकतो. ती उचलून धरणाऱ्या खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) बांधल्या आहेत का, चालायला फळ्या टाकल्या आहेत का, खालच्या जाळीला कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे) आहेत का, हे मिक्सर सुरू होण्याआधीच पाहावे लागते. काँक्रीट घट्ट वाटले की बादलीभर पाणी ओतण्याची सवयही तितकीच वाईट. एम २० दर्जाच्या काँक्रीटच्या नाममात्र (ठरीव प्रमाणाच्या) मिश्रणात सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला ३० लिटरच पाणी चालते, आणि ओल्या रेतीतले पाणी त्यातच धरायचे असते.

गावात लोहा बांधणारा, सेंट्रिंगवाला आणि मिस्त्री वेगवेगळे असतात. मजुरी बहुधा फुटावर ठरते, म्हणून घाई करणाऱ्याचा फायदा होतो. सळई चुकीची दिसली तर काम थांबवण्याचा हक्क मिस्त्रीला हवा आणि थांबलेल्या दिवसाची मजुरीही मिळायला हवी. नुसत्या सूचनांनी चूक आधीच रोखण्याची ही संस्कृती रुजत नाही. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये टप्प्याटप्प्याने हप्ते मिळतात व प्रत्येक टप्प्याचा फोटो चढवला जातो. त्यात जोते झाल्याचे दिसते, पाया मुरमाला टेकला की नाही हे दिसत नाही. म्हणून भरणी करण्यापूर्वीच उघड्या पायाची पाहणी व्हावी. सेंट्रिंग भाड्याची असते, त्यामुळे ती लवकर काढण्याचा मोह होतो. साध्या (ओपीसी, म्हणजे काही न मिसळलेल्या) सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस हलवू नयेत. हे भाडे आधीच अंदाजपत्रकात धरावे.