पालथा पेला आणि छातीवरची पिवळी डबी

समुद्रात किंवा धरणात कुणाचा शोध सुरू असला की बातमीत एक वाक्य हमखास येतं : ‘पाणबुडे पाठीला ऑक्सिजन सिलिंडर बांधून खाली उतरले.’ हे वाचलं की मला राहवत नाही. त्या सिलिंडरात ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा, 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन, सुमारे 200 बार दाबाने (1 बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) ठासून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन घेत कुणी 6 मीटरच्या खाली गेलं, तर दाबाखालचा तोच प्राणवायू विषासारखा वागू लागतो. झटके येऊ शकतात आणि तोंडातली नळी सुटू शकते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. सगळ्यांचं लक्ष पाठीवरच्या सिलिंडरकडे असतं. ज्या डबीमुळे माणूस पाण्याखाली श्वास घेतो, त्या रेग्युलेटरबद्दल कुणी बोलत नाही. आणि डायव्हरच्या छातीपाशी अडकवलेल्या दुसऱ्या, जादा रेग्युलेटरबद्दल तर त्याहून नाही. या जादा डबीला डायव्हर ‘ऑक्टोपस’ म्हणतात. सोबत्याची हवा संपली तर ती त्याच्या तोंडात द्यायची. ती बहुधा पिवळी असते, कारण पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं आणि पिवळा बराच खोलवर दिसतो. ही डबी हार्नेसवर, म्हणजे सिलिंडर अंगाला बांधणाऱ्या पट्ट्यांवर, कुठे, कशी आणि कोणत्या बाजूला तोंड करून अडकवायची, हा टापटिपीचा प्रश्न वाटतो. खरं तर तो पाण्याच्या दोन-चार सेंटिमीटर उंचीचा प्रश्न आहे.

आधी रेग्युलेटरचं काम किती अवघड आहे ते बघा. 200 बार म्हणजे जवळजवळ 2 किलोमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. तो थेट फुफ्फुसात सोडणं शक्यच नाही. सिलिंडरच्या तोंडावर बसवलेला पहिला टप्पा तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 10 बार जास्त इथवर आणतो. तोंडातली डबी हा दुसरा टप्पा. ती हवेचा दाब नेमका भोवतालच्या पाण्याइतका करते आणि तीही आपण ओढली तरच देते. आपली छाती पाण्याचा फार थोडा जादा दाब सोसू शकते. एक मीटर खोल बसून लांब नळीने वरची हवा ओढायला गेलात तर फासळ्या हलणार नाहीत. म्हणून या डबीला हलक्याशा ओढीनेही उघडावं लागतं. चांगली डबी पाण्याच्या साधारण 3 सेंटिमीटर उंचीइतक्या ओढीला उघडते. एका टोकाला 2 किलोमीटर, दुसऱ्या टोकाला 3 सेंटिमीटर. मला या यंत्राचं वेड लागलं ते इथे.

डबीच्या आत एक रबरी पडदा असतो. त्याची एक बाजू पाण्याला लागून, दुसरी डबीतल्या हवेला. आपण श्वास ओढला की आतला दाब किंचित उतरतो, बाहेरचं पाणी पडदा आत ढकलतं, पडदा एका तरफेवर टेकतो आणि तरफ झडप उघडते. श्वास थांबला की पडदा मागे सरतो, झडप बंद.

आता हीच डबी कुणाच्याही तोंडात नाही, पाण्यात नुसती लोंबते आहे आणि तिचं तोंड, म्हणजे ओठांत धरायची बाजू, वर आहे असं समजा. उघड्या तोंडापाशी पाण्याचा जो दाब, तोच आतल्या हवेचा. पडदा मात्र तोंडापेक्षा 5-6 सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे त्याच्यावर बाहेरून तेवढ्या पाण्याचा जादा दाब आहे. झडप उघडायला तर 3 सेंटिमीटर पुरतात! कुणीही श्वास न घेता पडदा आत जातो, झडप उघडते आणि हवा भसाभसा बाहेर पडू लागते. तेवढ्यावर थांबत नाही. तोंडाकडे सुसाट निघालेला झोत डबीतली उरलेली हवाही ओढून नेतो, पडद्यामागचा दाब आणखी उतरतो आणि झडप उघडी ती उघडीच राहते. डायव्हर याला ‘फ्री-फ्लो’ म्हणतात.

तोंड खाली फिरवलं की चित्र पालटतं. बादलीत पेला पालथा दाबला की हवा आत अडकते, तसंच. आतल्या हवेचा दाब आता खालच्या कडेवरच्या पाण्याइतका, आणि पडदा त्या कडेच्या वर. म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. पडदा बाहेरच्या बाजूला फुगतो, तरफ सुटते, झडप मिटते.

हा घोळ जुना आहे. 1943 साली फ्रान्समध्ये एमिल गान्यां या इंजिनिअरने, युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर चालवलेल्या मोटारींसाठीची झडप बदलून श्वासासाठी वापरली आणि जॅक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने ती मार्न नदीत तपासली. आडवं पोहताना सगळं छान. उभं राहिलं की हवा वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. पडदा एका उंचीवर आणि श्वास सोडायचं भोक दुसऱ्या उंचीवर, एवढंच कारण. दोन्ही एकमेकांशेजारी आणली आणि यंत्र चाललं.

प्रशिक्षणाच्या तलावात माझ्या सोबत्याचा ऑक्टोपस एकदा क्लिपमधून निसटला. तो पोहत होता आणि डबी त्याच्या कमरेमागे, तोंड वर करून, फेसाचा खांब सोडत होती. त्याला वाटलं, आवाज दुसऱ्या कुणाचा आहे. मी डबी पकडून नुसती पालथी केली. खांब तिथल्या तिथे तुटला.

म्हणून ऑक्टोपसची जागा ठरलेली असते : हनुवटी आणि खालच्या फासळ्या यांच्यामधला त्रिकोण, जिथे तो स्वतःला आणि समोरच्याला दोघांना दिसतो. तो अशा पकडीत हवा की पाण्यात उडी मारताना सुटू नये, पण घाबरलेल्या हाताने एक हिसका दिला की यावा. तोंडावर बसणारं रबरी टोपण असलं तर वाळूही आत जात नाही. डबीवर झोत कमी-जास्त करायचा छोटा खटका असेल, तर डबी छातीवर असेपर्यंत तो कमीवर ठेवायचा.

फ्लोरिडातल्या गुहांमध्ये पोहणाऱ्यांनी वेगळा विचार केला. हवा संपलेला माणूस बहुतेकदा तुमच्या तोंडातलीच डबी हिसकावतो, कारण तिच्यातून हवा येते हे त्याला दिसत असतं. मग तीच देऊन टाकावी. ती 2 मीटरच्या नळीवर ठेवायची, म्हणजे अरुंद बोगद्यातून दोघांना एकामागे एक निघता येतं. आणि जादा डबी स्वतःच्या गळ्यात, लवचीक दोरीच्या माळेत, हनुवटीखाली. हात न लावता, मान वाकवूनही ती तोंडात घेता येते. 30 मीटरवर या घाईचं गणित कळतं. 12 लिटरच्या सिलिंडरात 50 बार उरले म्हणजे 600 लिटर हवा, पण तिथल्या 4 बार दाबाखाली ती फक्त 150 लिटर. घाबरलेले दोघे मिनिटाला 40-40 लिटर ओढू लागले तर दोन मिनिटंही पुरत नाहीत. ‘माझा रेग्युलेटर कधी दगा देत नाही’ असं काही जण श्रद्धेने सांगतात. श्रद्धेने एक लिटरही वाढत नाही.

बाकीच्या सामानाचा नियम साधा आहे : काहीही लोंबता कामा नये. पाणी हवेच्या 800 पट घन आहे आणि वेग दुप्पट झाला की त्याचा विरोध चौपट होतो, म्हणजे प्रत्येक लोंबती वस्तू श्वासाला महाग पडते. दुकानदार नवनवी साधनं अडकवायला सुचवतात. त्यातली निम्मी घरी ठेवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. बिल हॉगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या मधल्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत हार्नेसचा पट्टा सलग एकच असतो. छातीवरच्या दोन डी-रिंगांना (D आकाराच्या कड्यांना) जादा टॉर्च, डाव्या कमरेच्या डी-रिंगला सिलिंडरातला दाब दाखवणारं प्रेशर गेज. हुकही सरकत्या खिट्टीचे. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरसारखे दाबलं की आत उघडणारे हुक टाळतात, कारण त्यांत दोर आपोआप शिरून अडकतो. आणि हुक गेजला धातूच्या कडीने जोडत नाहीत, जाड नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात. खिट्टी गंजून आखडली किंवा दोरात गुंतली, तर कमरेच्या चाकूने तेवढा दोरा कापता येतो.