माध्यमिक शाळेचे नेतृत्व व प्रशासन (खानदेश)

माध्यमिक शाळेचे प्रशासन म्हणजे पाचवी किंवा आठवीपासून दहावीपर्यंतची शाळा नियमात, वेळेत आणि हिशेबात चालवणे. नेतृत्व म्हणजे त्या शाळेत खरोखर शिकवणे होते आहे ना, याची जबाबदारी अंगावर घेणे. दोन्ही कामे एकाच खुर्चीत येतात. खानदेशात त्या खुर्चीतल्या माणसाला ‘हेडसर’ किंवा ‘मोठे सर’ म्हणतात. जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या तीन जिल्ह्यांत शासनाचे नियम इतर महाराष्ट्रासारखेच आहेत. मात्र कापसाची वेचणी, सातपुड्यातले स्थलांतर, एस.टी.च्या फेऱ्या, आठवडे बाजार आणि घरची अहिराणी, पावरी, भिली किंवा लेवा बोली यांच्याशी जुळवून घेतल्याशिवाय ते नियम इथे चालत नाहीत.

शाळेची उतरंड

खाजगी अनुदानित शाळा संस्था चालवते, पगार शासन देते आणि रोजचा कारभार मुख्याध्यापक पाहतात. त्यांच्या हाताखाली मोठ्या शाळेत उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक, मग शिक्षक, आणि शिक्षकेतरांत लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक व शिपाई असतात. संस्थेच्या बाजूने शाळा समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे पदसिद्ध सचिव असतात. शासनाच्या बाजूने जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक), त्यांच्या वर नाशिकचे विभागीय शिक्षण उपसंचालक, आणि पगारापुरते वेतन पथक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘पे युनिट’. पाचवी ते आठवीचे वर्ग असतील तर शिक्षण हक्क कायदाही लागू होतो. त्यानुसार सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन झाले पाहिजे.

संस्थाचालक आणि शिक्षणाधिकारी यांच्या मध्ये मुख्याध्यापक उभे असतात. संस्थेचा तोंडी हुकूम आणि कार्यालयाचे लेखी पत्र एकमेकांना छेद देतात तेव्हा कागदावर सही मुख्याध्यापकांची असते. म्हणून जाणते हेडसर तोंडी सूचना त्याच दिवशी दोन ओळींत लिहून संस्थेकडे पाठवतात आणि जावक क्रमांक टाकतात. याला कोणी अविश्वास समजू नये. पाच वर्षांनी चौकशी लागली तर त्या दोन ओळीच कामाला येतात.

नेमणूक आणि ज्येष्ठता

खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७चा आणि त्याची नियमावली १९८१ची. मुख्याध्यापकपदासाठी बी.एड. झालेला पदवीधर आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो, आणि पात्र शिक्षकांत जो सर्वांत ज्येष्ठ, त्याचा हक्क पहिला. एका संस्थेच्या अनेक शाळा असतील तर ज्येष्ठता यादी सर्वांची मिळून एकच. अल्पसंख्याक संस्थांना मात्र आपला मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक आहे. जळगाव जिल्ह्यातल्या अल्पसंख्याक संस्थांच्या उर्दू शाळांना ती लागू पडते.

वाद होतात ते बहुधा यादीवरून. यादी दरवर्षी फिरवून प्रत्येकाची सही घ्यायची असते, हरकती ऐकायच्या असतात. काही संस्था ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवतात आणि जागा रिकामी होण्याच्या महिन्यात बाहेर काढतात. डी.एड.वर लागून नंतर पदवी आणि बी.एड. केलेल्या शिक्षकाची ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून धरायची, हा नेहमीचा तंटा. डावलल्या गेलेल्या शिक्षकाला कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तोवर संस्था कोणाला तरी ‘प्रभारी’ नेमते. शिक्षणाधिकारी त्याला सहीचे अधिकार देईपर्यंत पगारबिलावर सही होत नाही, आणि भांडण दोघांचे असताना पगार सगळ्यांचा अडकतो. तीन-चार वर्षे प्रभारी राहिलेल्या माणसाचे ऐकले जात नाही, हे शाळेचे त्याहून मोठे नुकसान आहे.

दप्तर

शाळेत शेकडो कागद असले तरी जनरल रजिस्टरच्या तोडीचे दुसरे पुस्तक नाही. मूल दाखल होते त्या दिवशी त्याला एक क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर त्याच्या दाखल्यावर राहतो. रकाने ठरलेले: पूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात व पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख व कारण. हा मजकूर मागील शाळेच्या दाखल्यावरून जसाच्या तसा उतरवायचा असतो, पालक तोंडी काय सांगतात त्यावरून कधीच नाही.

घोटाळा इथेच होतो. घरी ‘धुडकू’, दाखल्यावर ‘धुडकु’, आधारवर इंग्रजीत तिसरेच काहीतरी. वडिलांचे नाव एका ठिकाणी ‘दगा’, दुसऱ्या ठिकाणी ‘दगडू’. तडवी भिल्ल कुटुंबातल्या मुलाच्या जातीच्या रकान्यात नुसता धर्म लिहिला, तर पुढे अनुसूचित जमातीची पडताळणी करताना तोच रकाना आडवा येतो. पडताळणी समित्या १९५०च्या आधीचे पुरावे मागतात, त्यामुळे जुन्या शाळांच्या रजिस्टरांसाठी लोक आजही लांबून येतात. पिवळी पडलेली, कडा झडलेली ती पाने प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावीत, एकदा स्कॅन करून घ्यावीत आणि शाळेबाहेर जाऊ देऊ नयेत.

दुरुस्तीची रीत पक्की आहे. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. चूक एका रेघेने अशी छेदायची की खालचे अक्षर वाचता यावे. वर लाल शाईने बरोबर नोंद, शेजारी आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. मूल शाळेत असेपर्यंत पुराव्यासह प्रस्ताव पाठवता येतो. शाळा सोडल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय एक कानाही बदलू नये. ओळखीपाळखीने केलेली ‘एवढीशी’ दुरुस्ती पुढे त्या मुलाच्या नोकरीवर उठते.

संचमान्यता

शाळेला किती शिक्षक मिळणार, म्हणजेच संचमान्यता, हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरते. आधारशी जुळलेलीच नावे त्यात मोजली जातात, त्यामुळे पटावर ४२ मुले असून पोर्टलवर ३८ दिसतात आणि तुकडी किंवा पद धोक्यात येते. पद गेले की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनाने दुसऱ्या तालुक्यात जातो. जुळणीचे काम जुलैतच संपवावे. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाची न जुळलेली नावे काढावीत, लिपिकाने रजिस्टरशी ताडावीत आणि पालकांना आधार केंद्रावर पाठवताना अचूक स्पेलिंग कागदावर लिहून द्यावे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर मंदावतो, शाळा आणि केंद्र दोन्हीकडे गर्दी होते आणि घाईत नव्या चुका शिरतात.

दिवसाची घडी

वेळापत्रक आधी एस.टी.चे पाहावे, मग शाळेचे करावे. शेजारच्या गावांतल्या मुली मोफत पासवर येतात. बस ११ वाजून १० मिनिटांनी येत असेल आणि पहिली तासिका ११ची असेल, तर त्यांचा विषय वर्षभर कच्चा राहतो. पहिली तासिका गणिताची ठेवल्याने किती मुली दहावीत अडकतात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर आगारप्रमुखांना मासिक लेखी विनंती करावी आणि ती मान्य होईपर्यंत पहिल्या तासिकेला फिरता विषय ठेवावा.

तासिकांचा हिशेब साधा आहे. दहा तुकड्या आणि आठवड्याला प्रत्येकी ४५ तासिका धरल्या तर ४५० तासिका होतात. १६ शिक्षकांत प्रत्येकी २८ पडतात, दोन पदे रिकामी असली की ३२वर जातात. त्यात कोणी रजेवर गेले की ‘ऑफ’ तासिका वाटायची वेळ येते. पर्यवेक्षकांनी मस्टर पाहून प्रार्थनेपूर्वी ही वाटणी वहीत लिहावी आणि ज्याला तासिका दिली त्याची सही घ्यावी. दर आठवड्याला ती वही मुख्याध्यापकांनी स्वतः चाळावी. ‘नाही’ न म्हणणाऱ्या तरुण शिक्षकाच्या नावावर दहा आणि जुन्याजाणत्याच्या नावावर एक अशी विभागणी झाली, तर शिक्षककक्षात दोन तट पडायला वर्ष लागत नाही.

दप्तर वेळच्या वेळी झाले तर हेडसरांना वर्गात जायला वेळ मिळतो, आणि खरे नेतृत्व तिथेच सुरू होते. रोज एक तासिका मागच्या बाकावर बसून पूर्ण पाहावी. लॉगबुकात ‘पाठ चांगला झाला’ असे लिहिण्यात अर्थ नाही. किती मुलांनी तोंड उघडले, फळ्यावर काय राहिले, कोणता प्रश्न तीन मुलांपुढे गेला नाही, हे लिहावे आणि त्याच दिवशी शिक्षकाला एकट्याला सांगावे. पाचवीच्या पोराने ‘माले समजनं नही’ म्हटले तर शिक्षकाने आधी त्याला उत्तर द्यावे, भाषा नंतर दुरुस्त करावी; ही सूचना जूनच्या पहिल्या सभेत स्पष्ट द्यायची असते. ज्याच्या बोलीला कोणी हसले, ते मूल पुन्हा हात वर करत नाही.

पदाविना नेतृत्व कसे असते हे अमळनेरने पाहिले आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत. मुख्याध्यापक ते नव्हते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहीत, आणि ती मुले त्यांचा शब्द खाली पडू देत नसत.

हजेरी आणि हंगाम

दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो आणि आठवी-नववीचे वर्ग ओस पडू लागतात. विचारले तर आई सांगते, ‘आंडोर कापूस येचाले गया’ (मुलगा कापूस वेचायला गेला). घराला त्या मजुरीची गरज असते, म्हणून ओरडून काही होत नाही. उपयोगी पडते ती तीन दिवसांची मोजणी. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव वर्गशिक्षकाने हजेरीपटावरून चौथ्या दिवशी वेगळ्या यादीत घ्यावे आणि संध्याकाळी, माणसे शेतावरून परतल्यावर, घरी जावे. पंधरा दिवसांनी गेले तर मूल मनाने शाळेबाहेर पडलेले असते. नवे प्रकरण वेचणीच्या ऐन दिवसांत सुरू करू नये, उजळणी ठेवावी. उलट, आठवडे बाजाराच्या दिवशी वर्गात दहा गुणांची छोटी चाचणी ठेवली की मुले आपोआप येतात.

अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पहिली ते आठवीच्या अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड (जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेले कार्ड) देऊन पाठवावे आणि कोणा आजी-आजोबांकडे मूल ठेवता येईल याची यादी ऑक्टोबरातच करावी. होळीपूर्वीच्या, आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला पट भरत नाही. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी इथे खर्च करणे शहाणपणाचे. मार्चपासून सकाळची शाळा भरते, कारण भुसावळ-जळगावकडे दुपारी पत्र्याच्या वर्गात बसणे मुलांना सोसत नाही.

मुलींची गळती वेगळी असते. नववीतली मुलगी सुट्टीनंतर आली नाही आणि घरून ‘मामाकडे गेली’ असे उत्तर आले, तर लग्नाची चौकशी करावी. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी कोणालाही लावता येते. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख इथे पुरावा ठरते.

आश्रमशाळा

यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांखाली आश्रमशाळा, म्हणजे आदिवासी मुलांच्या निवासी शाळा, चालतात. इथे मुख्याध्यापकांचा दिवस संध्याकाळी संपत नाही. अधीक्षक-अधीक्षिकांनी रात्रीच्या जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी अशी दोनदा मोजणी करून आकडा वहीत लिहायचा असतो. सातपुड्यातल्या अनेक मुलांना सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, त्रास असतो. त्यांची यादी क्रीडाशिक्षकाकडे हवी, उन्हात पळवणे टाळावे, पाणी वारंवार पाजावे, आणि सांधे दुखतात म्हणाले तर ‘सोंग करतो’ असे कोणी म्हणू नये.

दहावीची परीक्षा

खानदेशाच्या शाळा नाशिक विभागीय मंडळाखाली येतात. आवेदनपत्रे भरल्यावर मंडळाकडून प्री-लिस्ट, म्हणजे तपासणीसाठीची कच्ची यादी, येते. ती वर्गात मोठ्याने वाचावी, प्रत्येक मुलाने आपले नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि विषय रजिस्टरशी पाहून सही करावी. प्री-लिस्टमध्ये सुटलेली चूक गुणपत्रिकेवर छापली जाते आणि मग नाशिकच्या खेपा सुरू होतात. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण सरसकट २० देण्याची सवय मुलांना पुढे अकरावीत महागात पडते, कारण न केलेला प्रयोग गुणांनी येत नाही.

पैसा आणि कार्यभार

वेतनेतर अनुदान आणि सत्र फी ज्या कामासाठी आली त्याच कामाला लावावी. जमा झालेली फी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत जावी. हातातल्या रोखीतून खर्च करून नंतर पावती जुळवणे हा लेखापरीक्षणातला सर्वांत सामान्य आक्षेप आहे. रोजकीर्द रोज बंद करून शिल्लक अक्षरी लिहावी.

पूर्वी शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहीत. त्या पिढीतले असंख्य शिक्षक म्हणून ३१ मे रोजी, ५८व्या वर्षी, निवृत्त होतात आणि मुख्याध्यापक बदलतात ते ऐन सुट्टीत, शाळा बंद असताना. कार्यभाराची यादी तेव्हा घाईत होते. नव्या मुख्याध्यापकांनी डेड स्टॉक (बाके, कपाटे अशा टिकाऊ सामानाची नोंदवही) वस्तूंशी ताडून पाहावा, सेवापुस्तके मोजावीत, कोऱ्या दाखल्यांच्या पुस्तकांचे पहिले आणि शेवटचे क्रमांक लिहून घ्यावेत. जनरल रजिस्टरची पाने मोजून शेवटचा दाखल क्रमांक यादीवर टाकावा आणि त्या क्रमांकाखालीच दोघांनी सही करावी.