स्क्रीन काळी म्हणजे ग्राफिक्स कार्ड जळालं, असं नाही

लातूर-नांदेडकडं डेस्कटॉप चालू होऊन स्क्रीन काळीच राहिली की ठरलेलं वाक्य येतं: ‘कार्ड जळालं, नवं घ्या.’ (ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनला चित्र पुरवणारा भाग.) सोयाबीनच्या पैशातून पोरीच्या शिक्षणासाठी घेतलेल्या मशीनवर असा खर्च लादणं चूकच. आधी मॉनिटरची केबल बघा; बऱ्याचदा ती मदरबोर्डच्या (मशीनच्या मुख्य बोर्डाच्या) पोर्टला लावलेली असते, कार्ड बसवल्यावर तिथून अनेकदा चित्र येतच नाही. ती कार्डाला लावा. मग वीज. स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) सहसा ६ किंवा ८ पिनची वेगळी केबल लागते. नुसता पंखा फिरला म्हणजे वीज पुरेशी, हेही खरं नाही. पुढं प्लग काढून कार्ड आणि रॅम (मेमरीची पट्टी) पुसून घट्ट बसवा. दुसऱ्या चांगल्या मशीनवरही त्या कार्डातून चित्र आलं नाही, तरच कार्डावर संशय घ्या.